बारा शनिवार, सगळं घर एका टेबलावर: आमच्या मंडळीतल्या नव्या बायबल वर्गाचा रिव्ह्यू (साडेतीन स्टार)

आधीच सांगते, चर्चचं नाव लिहिणार नाहीये, कारण खाली बऱ्याच तक्रारी आहेत आणि रविवारी पुन्हा त्याच बाकावर बसायचंय. कोल्हापुरातल्या मंडळीतल्या लोकांना वाचून कळेलच, कळलं तर गप्प बसा.

तर झालं असं की आमच्याकडं संडे स्कूलला, म्हणजे रविवारच्या मुलांच्या बायबल वर्गाला, पोरं यायचीच बंद झाली. नववी-दहावीचे क्लासेस रविवारी सकाळी असतात, निम्मी तरुण पोरं पुण्याला, आणि लॉकडाऊनपासून बऱ्याच घरांना यूट्यूबवर चहा पीत उपासना बघायची सवय लागलीय. शेवटी शेवटी टीचरसमोर चार पोरं उरली होती, त्यातली दोन टीचरचीच. मग पाळकसाहेबांनी (चर्चचे धर्मगुरू) आणि कमिटीनं ठरवलं की मुलांचा वर्ग वेगळा नकोच, शनिवारी संध्याकाळी ६ ते ८ सगळ्या वयाच्या लोकांनी एकत्र बसायचं. एका टेबलावर सहा जण, त्यात एक तरी शाळकरी आणि एक तरी साठीच्या पुढचा पाहिजेच. बारा शनिवार, एका घराला ३०० रुपये, त्यात पुस्तिका आणि दर शनिवारी शेवटी जेवण.

मी जायला तयार नव्हते, खरंच. दिवसभर बँकेत काउंटरवर बसल्यावर शनिवारची संध्याकाळ कुणाला घालवायचीय. पण सासूबाई म्हणाल्या, "मला ने, येताना मी रिक्षानं येईन," आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला रिक्षानं यायला सांगायची माझी छाती नव्हती. पोराला (वय १४) बिर्याणीचं आमिष दाखवलं. नवरा आला नाही, त्याचं म्हणणं, "माझं दृढीकरण १९९६ लाच झालंय" (दृढीकरण म्हणजे मोठेपणी आपला विश्वास सगळ्या मंडळीपुढं कबूल करणं). आमच्या लोकांचं हेच तर आहे ना, दृढीकरणाचा वर्ग झाला, प्रभुभोजन (चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस) घ्यायला लागलं की शिकणं संपलं, त्यानंतर डायरेक्ट लग्नाच्या आधी पाळकसाहेबांपुढं बसायचं.

आता तक्रारी. पुस्तिका एकदम रद्दी. कुठल्यातरी इंग्रजी पुस्तकावरून घाईघाईत मराठी केलीय हे पहिल्या पानावरच कळतं, अक्षर एवढं बारीक की सासूबाई भिंगानं वाचत होत्या, आणि उदाहरणं बघाल तर एका पोराचा बेसबॉलचा सामना, दुसऱ्या घरी बर्फ पडलाय म्हणून शेजाऱ्याची गाडी काढायची. अहो बर्फ! आमच्याकडं जुलैत पंचगंगेचं पाणी रस्त्यावर येतं, शेजाऱ्याला खरंच बाहेर काढावं लागतं, ते लिहा की. आणि अमेरिकाच पाहिजे तर निदान आपल्या गावातून जाणारी तरी घ्या. १८५२ साली रॉयल वाइल्डर हा अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आला, शाळा काढल्या, त्याचा पोरगा रॉबर्ट १८६३ ला इथंच कोल्हापुरात जन्मला, आणि १८८६ साली तिकडं अमेरिकेत माउंट हर्मनला कॉलेजच्या पोरांचं शिबिर भरलं होतं त्यात ह्यानंच पोरं गोळा केली, शंभर जण मिशनकामाला जायला तयार झाले. त्यातूनच पुढं स्टुडंट व्हॉलंटियर मूव्हमेंट, म्हणजे मिशनकामाला जाणाऱ्या विद्यार्थ्यांची चळवळ, उभी राहिली. हे पुस्तिकेत एका ओळीत पण नाही. आमच्या पोराला मी सांगितलं तर म्हणतो, "आई, कोल्हापूरचा? खरंच?" दोन मिनिटं का होईना फोन खाली ठेवला त्यानं.

बाकी किरकोळ. ६ म्हणजे साडेसहा. माईक शिट्टी मारतो. व्हॉट्सॲप ग्रुपवर धड्याचं वेळापत्रक शोधायला ऐंशी गुड मॉर्निंगची फुलं ओलांडावी लागतात.

तरीपण साडेतीन स्टार का दिले, तर टेबलामुळं.

पहिल्या शनिवारी आमच्या टेबलावर तीन बायबलं होती, सासूबाईंचं जुनं, पाठीला कापडाची पट्टी शिवलेलं, माझं लग्नात मिळालेलं, आणि पोराच्या फोनमधलं इंग्रजी ॲप. करिंथकरांस पहिल्या पत्राचा तेरावा, प्रीतीवरचा अध्याय आळीपाळीनं वाचायचा होता. सासूबाई "प्रीती, प्रीती" वाचतायत आणि हा हळूच विचारतो, "प्रीती म्हणजे आमच्या वर्गातली का?" सगळं टेबल हसलं. मग प्रेम आणि प्रीतीत फरक काय यावर वीस मिनिटं गेली. टेबलावर एक नर्सताई आहेत, त्या म्हणाल्या प्रेम वाटतं, प्रीती करावी लागते, नाइट ड्यूटीला कळतं. धडा राहिला बाजूला, आणि बरं झालं राहिला.

पण मला जो दिवस आठवतो तो पाचवा शनिवार. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय, येशूनं सांगितलेली द्राक्षमळ्यातल्या कामकऱ्यांची गोष्ट. मालक पहाटे माणसं घेतो, मग नऊला, बाराला, तीनला, आणि शेवटी संध्याकाळी पाचला, आणि सगळ्यांना मजुरी सारखीच, एक दीनार, म्हणजे त्या काळचा एका दिवसाचा रोज. आमच्या टेबलावर एक आजोबा आहेत, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत मोल्डर होते, तीस वर्षं. ते एकदम तापले. "पाचला आलेल्याला फुल्ल हजेरी? आमच्यात युनियननं गेट बंद केलं असतं!" आणि मग रोज, ओव्हरटाइम, ठेकेदार असं सगळं निघालं, लीडरताई (पुण्याच्या सेमिनरीतून, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजातून, शिकून आलेली पोरगी, पंचविशीची असेल) बिचारी पुस्तिकेतले प्रश्न घेऊन उभी. तेवढ्यात आमचं पोरगं फोनकडं बघतच म्हणालं, "पण आजोबा, ते आळशी नव्हते, त्यांना कुणी कामावर घेतलंच नाही असं लिहिलंय इथं." आजोबांनी त्याच्या हातातला फोन घेतला, इंग्रजी होतं म्हणून परत दिला, सासूबाईंचं बायबल ओढलं आणि सातवं वचन बोटानं वाचलं. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर जेवताना सांगितलं की कारखाना बंद पडला तेव्हा चार महिने ते रोज डबा घेऊन घरातनं निघायचे आणि रंकाळ्यावर बसून तो खाऊन परत यायचे, बायकोला कळू नये म्हणून. त्यांची बायको शेजारीच होती. म्हणाली, "मला कळत होतं की." एवढंच. आणि वाढायला उठली.

हे कुठल्या संडे स्कूलच्या तासाला झालं असतं सांगा. आमच्या वेळी सुवर्णवचन (धड्यातलं बायबलचं मुख्य वाक्य) पाठ केलं की स्टिकर मिळायचं, पाठांतर वाईट नाही, सासूबाईंना अजून वेस्टमिन्स्टरची लहान प्रश्नोत्तरी (ख्रिस्ती शिकवण प्रश्न-उत्तरांत) येते, १६४७ ची, एकशे सात प्रश्नांची. "माणसाचा मुख्य उद्देश काय?" विचारलं की भात ढवळता ढवळता उत्तर देतात, देवाचं गौरव करणं आणि त्याच्या ठायी सर्वकाळ आनंद करणं. पण त्या स्वतःच नवव्या शनिवारी म्हणाल्या, आनंद करणं म्हणजे काय ते मला कुणी विचारलंच नव्हतं, मी पण नाही विचारलं. पोरगं म्हणालं, आजी मग आता सांग. त्या विचार करून म्हणाल्या, "पुढच्या शनिवारी." अजून सांगितलेलं नाही.

काही जुनी मंडळी नाराज आहेत, संडे स्कूल मोडलं म्हणून. त्यांना एवढंच की संडे स्कूल काय मोशेला दहा आज्ञा मिळाल्या त्या सिनाय पर्वतावरनं खाली आलं नव्हतं, १७८० च्या सुमारास इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सनं ते कारखान्यात राबणाऱ्या पोरांसाठी चालवलं, रविवारी तेवढी सुट्टी म्हणून, आणि शिकवायचे काय तर वाचायला. पोरांची सोय बघून वार ठरला होता. आता आमच्या पोरांची सोय शनिवारी आहे. त्यांचा एक मुद्दा मात्र मला पटतो, अगदी लहान, पाच-सहा वर्षांची पोरं या वर्गात कंटाळतात, टेबलाखाली शिरतात, त्यांना गोष्ट आणि रंग पाहिजेत, त्यांचं काहीतरी वेगळं करायलाच हवं.

जेवण: बिर्याणी दोनदाच होती, पोराला फसवल्यासारखं झालं. बाकी शनिवारी आमटी-भात आणि कुणाच्या तरी घरची चटणी. एकदा महिला मंडळानं पांढरा रस्सा केला होता, त्या दिवशी हजेरी फुल्ल.

पुढची बॅच नाताळानंतर आहे म्हणे. जाणार असाल तर एकटे जाऊ नका, घरातलं एक म्हातारं आणि एक पोरगं बरोबर न्या, नसेल तर शेजारचं न्या. पुस्तिका घेतली नाही तरी चालतंय, घेतलीच तर चष्मा न्या. गाडी मागच्या गेटनं लावा, पुढं जागा नसते. माझा नवरा पण या वेळी येतो म्हणालाय, रस्सा आहे का तेवढं विचारून सांग म्हणतो.