आठ महिन्यांनंतर ‘ब्रदर्स कारामाझोव’ : कादंबरी पक्की, बांधणी कच्ची

गेल्या पंधरवड्यात पुस्तकाची पाठ उकलली नसती, तर हा अनुभव लिहिण्याचे मनात आले नसते. दोस्तोव्हस्की या रशियन लेखकाच्या या कादंबरीच्या, कॉन्स्टन्स गार्नेट यांनी केलेल्या १९१२ सालच्या इंग्रजी अनुवादाची स्वस्त आवृत्ती मी २९९ रुपयांना मागवली होती. एवढा मोठा ठोकळा, पण नुसत्या गोंदावर चिकटवलेला, शिलाई नावालाही नाही. एकदा पूर्ण आणि पुन्हा अर्धे वाचून होते न होते, तोच पाचव्या भागातील सहा पाने सुटून हातात आली. तक्रार केली असता परत घेण्याची मुदत दहा दिवसांचीच होती, असे विक्रेत्याने कळवले. दोस्तोव्हस्की दहा दिवसांत वाचून संपवणारे गिऱ्हाईक त्यांना कोठे भेटते, कोण जाणे.

बाप श्रीमंत, दोन बायकांची तीन मुले परक्यांच्या आधाराने वाढलेली आणि पुढे बापाचा खून, हे कथानक ठाऊक असेलच. एकच माणूस कधी द्मित्री, कधी मित्या होतो, त्याचा त्रास पन्नास पानांत संपतो. मी कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाच्या अडतीवर दिवाणजी असल्यामुळे असेल, पण पहिल्या वाचनात मी माणसांपेक्षा रुबलच मोजत होतो. पहिल्या बायकोचे पंचवीस हजार बापाने घशात घातले, मृत्यूसमयी त्याच्याजवळ रोख एक लाख निघाले आणि थोरला द्मित्री मात्र तीन हजारांसाठी वेडापिसा झालेला. त्याची वाग्दत्त वधू कातेरीना हिने पोस्टाने पाठवण्यासाठी दिलेल्या तीन हजारांपैकी त्याने निम्मेच उधळले आणि उरलेले दीड हजार कापडात शिवून गळ्यात बांधले. गावात मात्र सगळे उडवल्याची बढाई मारली. बाप आणि द्मित्री दोघेही जिच्या मागे लागलेले, त्या ग्रुशेन्कासाठी बापाने पाकिटात ठेवलेले तीन हजार वेगळेच. बापाच्या खुनाच्या खटल्यात द्मित्रीची ती बढाईच त्याच्या अंगावर येते, कारण त्याच्या हातातले पैसे पाकिटातलेच असावेत, असे लोकांना वाटते. कीर्दीत वेळच्या वेळी नोंद झाली असती, तर निम्मी कादंबरी टळली असती, असे माझे ठाम मत झाले होते.

ते मत दुसऱ्या वाचनात टिकले नाही, आणि त्याला कारण नेमकी ती सुटलेली पाने. त्या पानांत इवान आणि अल्योशा हे दुसऱ्या बायकोचे मुलगे, सख्खे भाऊ, खानावळीत प्रथमच मोकळेपणाने बोलायला बसतात. इवान मासळीचे सूप आणि चहा मागवतो, आणि चेरीचा मुरंबाही हवा का, असे विचारतो, कारण लहानपणी अल्योशाला तो फार आवडत असे, हे त्याच्या लक्षात राहिलेले असते. अल्योशाला तो अजूनही आवडतो. पहिल्या वेळी ही ओळ मी सरळ ओलांडून गेलो होतो. आमच्याकडे वाटणी होऊन बरीच वर्षे झाली. थोरल्या बंधूंना काय आवडत असे, हे मला आज खात्रीने सांगता येणार नाही.

अखेर आमच्या चोपड्या बांधणाऱ्या कारागिराकडून पुस्तक दोऱ्याने शिवून घेतले. १८० रुपये पडले, म्हणजे एकूण ४७९. आतला समास थोडा गेला, पुस्तक सपाट उघडत नाही, पण पान हलत नाही. त्याने वर चोपड्यांचेच लाल कापड चढवले आहे, त्यामुळे काल पेढीवरच्या पोऱ्याने ते उचलून जुन्या खतावण्यांच्या रांगेत लावून ठेवले.