फळमाशीचा सापळा: हापूसला चालतो, बोरीला नाही

कृषी सेवा केंद्रात मिळणारा मिथाईल युजेनॉलचा, म्हणजे माशीला वासाने ओढणाऱ्या आमिषाचा सापळा आंब्यासाठी पाचपैकी चार गुणांचा. बोरीला टांगलात तर शून्य. दोष सापळ्याचा नाही, 'सगळ्या फळांना चालतो' म्हणून गळ्यात मारणाऱ्याचा.

या वासावर येतात ते बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या आंब्यावरच्या माशीचे नर. बोरात अळी पडते ती कार्पोमिया व्हेसुव्हियाना या माशीची, आणि ती या वासाला भुलत नाही. ओळखायचं पंखांवरून. आंब्याच्या माशीचे पंख स्वच्छ, कडेला फक्त बारीक काळपट रेघ, पाठीवर दोन पिवळे पट्टे. बोरमाशी लहान, पिवळसर तपकिरी, पंखांवर आडवे तपकिरी पट्टे.

आंब्याच्या बागेत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या 'रक्षक' सापळ्याची शिफारस हेक्टरी ४ ची आहे. फळ काढणीच्या दीड-दोन महिने आधी, खालच्या फांदीला, सावलीत टांगा. उन्हात डब्यातल्या आमिषाच्या लाकडी ठोकळ्यातला वास लवकर उडतो. ठोकळा बसवताना हातमोजे घाला किंवा चिमटा वापरा. बोटाला लागलेला ठोकळ्याचा वास डब्याला बाहेरून लागला की माश्या बाहेरच बसतात, आत शिरत नाहीत. 'सापळा चालत नाही' या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच असतं. तारेला ग्रीस लावा, नाहीतर मुंग्या मेलेल्या माश्या ओढून नेतात आणि डबा रिकामा दिसतो. आठवड्याला रिकामा करायचा, ठोकळा ४५ ते ६० दिवसांनी बदलायचा. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसानंतर ठोकळा भिजलाय का ते बघा; शेवटच्या तोडीच्या आंब्याला माशीचा त्रास तेव्हाच जास्त.

डबा भरला म्हणून खूश होऊ नका. मरतात ते नर. अंडी घालणारी मादी बाहेरच असते आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. एकट्याच्या परसात एकच सापळा लावला तर शेजारच्या बागेतले नर तुमच्याकडे येतात. पूर्ण वाडीने एकदम लावले तरच फरक पडतो. आणि आंबा कापल्यावर आतला गर पांढरट, स्पंजासारखा निघाला, अळी नाही, तर तो साका. त्याचा माशीशी संबंध नाही, त्यापायी सापळा दुकानात परत नेऊ नका.

पावसाळ्यातल्या पडवळ, कारली, काकडीला क्यू ल्यूर या दुसऱ्या वासाच्या आमिषाचा सापळा वेगळा घ्या. दोन्ही वास एकाच डब्यात घालू नका.

बोरीचं काय? तिथे काम हाताचंच. पडलेली, किडकी बोरं रोज वेचा. जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून तोंड घट्ट बांधा आणि उन्हात ठेवा, किंवा दोन फूट खोल पुरा. वरच्यावर माती सारून उपयोग नाही, अळी मातीतच कोष करते आणि त्यातून निघालेली माशी सहज वर येते. हंगाम संपल्यावर झाडाखालची माती उकरून कोष उन्हात आणि कोंबड्यांच्या चोचीत येऊ द्या. कातळावरच्या बोरीखाली माती जेमतेम असते, तिथे हे काम अर्ध्या तासाचं.

खरेदी करताना ठोकळ्याचं पाकीट सीलबंद आहे का आणि उत्पादनाची तारीख काय, ते बघा. दुकानातच पाकिटातून वास येत असेल तर तो ठोकळा घेऊ नका.