लोहगावचे नवे टर्मिनल: इमारत उत्तम, धावपट्टी तीच

लोहगाव येथील पुणे विमानतळाचे नवे टर्मिनल १४ जुलै २०२४ रोजी प्रत्यक्ष वापरात आले. त्यानंतरच्या वर्षभरात कामानिमित्त तिथून वरचेवर जाणे-येणे झाले, त्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे. माझे मत आधीच सांगतो. इमारतीच्या आत जाणारा वेळ पूर्वीपेक्षा निश्चितच सुखाचा झाला आहे. परंतु पुणेकरांच्या विमानप्रवासाच्या मुख्य अडचणी त्या इमारतीत कधी नव्हत्याच, त्यामुळे त्या जिथल्या तिथे आहेत.

हे वर्ष सुरू झाले तेही अडखळतच. १० मार्च २०२४ रोजी पंतप्रधानांनी आझमगडहून दूरस्थ पद्धतीने या टर्मिनलचे उद्घाटन केले. कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटनही त्याच कार्यक्रमात उरकले. त्यानंतर चार महिने इमारत बंदच राहिली, कारण तिथे लागणारे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे वाढीव मनुष्यबळ उपलब्ध नव्हते. मधल्या काळात लोकसभेची निवडणूक झाली, पुण्याचे नवे खासदार मुरलीधर मोहोळ नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री झाले आणि जुलैत दारे उघडली. तोवर प्रवासी शेजारच्या जुन्या इमारतीतच दाटीवाटीने उभे होते. उद्घाटन आणि वापर यांत एवढे अंतर का पडावे, हा प्रश्न पुण्यात अर्थातच पुष्कळांनी विचारला.

आत गेल्यावर पहिला फरक जाणवतो तो सामानाच्या बाबतीत. जुन्या इमारतीत मोठी बॅग आधी क्ष-किरण यंत्रातून काढायची, तिला पट्टी बांधून घ्यायची आणि मग ती ढकलत काउंटरच्या रांगेत लागायचे, असा दुहेरी खटाटोप होता. आता बॅग थेट काउंटरवर द्यायची. तिची तपासणी पुढे सरकत्या पट्ट्यावर आपोआप होते. लहान मूल किंवा वयस्कर आईवडील सोबत असणाऱ्यांना या एका बदलाचे मोल वेगळे सांगायला नको. डिजियात्रा, म्हणजे चेहरा ओळखून प्रवेश देणारी सुविधा, वापरणाऱ्यांना प्रवेशद्वाराशी फारसे थांबावे लागत नाही. दर्शनी भागातील कमानी वाड्यांची आठवण करून देतात आणि छत उंच असल्याने गर्दीतही कोंदटपणा वाटत नाही. खाण्यापिण्याचे दर मात्र कोणत्याही विमानतळावर असतात तसेच आहेत. घरून डबा नेलेला बरा.

सुमारे ५२ हजार चौरस मीटरच्या या इमारतीची क्षमता वर्षाला ९० लाख प्रवाशांची सांगितली जाते. आता दुसरा आकडा पाहा: २०२४-२५ या आर्थिक वर्षात पुणे विमानतळावरील प्रवासीसंख्या एक कोटीच्या पुढे गेली. म्हणजे नवी इमारत पहिल्याच वर्षी तोकडी पडू लागली आणि जुन्या इमारतीचा वापर पुढेही करावा लागणार, हे उघड झाले. नियोजन करताना शहराच्या वाढीचा अंदाज इतका कमी का धरला गेला, हे मला कळलेले नाही.

खरी मर्यादा याहून पुढची आहे. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी तो उभारला आणि आज तिथे सुखोई-३० ही लढाऊ विमाने असतात. धावपट्टी आणि हवाई वाहतूक नियंत्रण हवाई दलाकडे, तर प्रवासी टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे, अशी ही वाटणी आहे. विमान उतरल्यावर छायाचित्रे काढू नयेत अशी जी घोषणा होते, ती याचमुळे. धावपट्टी जेमतेम अडीच किलोमीटरची असल्याने पूर्ण भार घेऊन दूरच्या देशी झेपावणाऱ्या मोठ्या विमानांना ती अपुरी पडते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दुरुस्तीसाठी ती चौदा दिवस बंद ठेवावी लागली, तेव्हा एवढ्या मोठ्या शहराची विमानसेवा पूर्णपणे थांबली होती, कारण दुसरी धावपट्टीच नाही. टर्मिनल कितीही देखणे बांधले तरी या परिस्थितीत फरक पडत नाही. पुण्याजवळ पुरंदर येथील प्रस्तावित नव्या विमानतळाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे ती उगीच नव्हे.

सप्टेंबर २०२४ मध्ये या विमानतळाला जगद्गुरू संत तुकाराम महाराजांचे नाव देण्याचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने मंजूर केला. लोहगाव हे तुकोबांचे आजोळ मानले जाते, तेव्हा नावाची निवड जागेला धरून आहे.

राहिला प्रश्न पोहोचण्याचा. मेट्रो ६ मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत धावू लागली, म्हणजे टर्मिनलच्या उद्घाटनाच्या अवघे चार दिवस आधी; परंतु ती विमानतळापर्यंत येत नाही आणि उरलेले अंतर रिक्षा किंवा बसनेच कापावे लागते. ॲपवरून टॅक्सी बोलावली तर ती एअरोमॉल या बहुमजली वाहनतळावरून घ्यावी लागते, त्यामुळे जड सामान असणाऱ्यांनी तेवढी चाल गृहीत धरावी. संध्याकाळचे विमान असेल तर नगर रस्ता आणि विमाननगरच्या चौकांसाठी हाताशी भरपूर वेळ ठेवा. मी स्वतः शक्यतो पहाटेचे विमान घेतो.