६७,४३० रुपये, ५० प्रती आणि दुसऱ्याच्याच नावाचा आयएसबीएन

नव्या, छोट्या प्रकाशकाकडे हस्तलिखित पाठवायच्या तयारीत असाल तर आधी आमच्या पुस्तकाचा हा हिशेब बघा. १६० पृष्ठांचं डेमी आकाराचं पुस्तक, ३०० प्रती. अक्षरजुळणी पृष्ठाला ६० रुपयांनी ९,६००. मुद्रितशोधन पृष्ठाला ४० नी ६,४००. मुखपृष्ठ ५,०००. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, ३,५००. छपाई-बांधणी प्रतीला ८० नी २४,०००. झाले ४८,५००. त्यावर १८ टक्के जीएसटी ८,७३०. नंतर ‘कॉपीराइट नोंदणी’चे ६,००० आणि ‘ग्रंथालय यादीत समावेशा’चे ४,२००. एकूण ६७,४३०. हातात आल्या ५० प्रती, त्यातल्या निम्म्यांची पानं पुस्तक दोनदा उघडताच पाठीतून सुटली. बाकीच्या २५० ‘वितरकाकडे’ गेल्या. त्या वितरकाचं नाव आजवर कळलेलं नाही. याच प्रकाशकाने याच पद्धतीने आणखी चौघांना गंडवलंय, रकमा तेवढ्या वेगळ्या. म्हणून लाज बाजूला ठेवून हे लिहितोय.

लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढणं हा गुन्हा नाही. स्पष्ट सांगून, पावती देऊन, कबूल केलेलं काम करून देणारे आहेत. आमचा राग आहे तो ‘आम्ही निवडक हस्तलिखितंच घेतो’ असं सांगून, स्वीकृतीचं पत्र देऊन, मग आठवड्याला एक असं खर्चाचं कलम काढणाऱ्यावर.

आता कलमं एकेक करून बघू. भारतात आयएसबीएन फुकट मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली चालते, अर्ज ऑनलाइन करायचा असतो आणि क्रमांकाला एक रुपयाही पडत नाही. स्वतःचं पुस्तक स्वतः काढणाऱ्या लेखकालाही तो स्वतःच्या नावावर मिळतो. कुणी अर्ज भरून देण्याचे पैसे मागितले तर ती त्याची मजुरी, आणि बिलावर तसंच लिहिलेलं हवं. आयएसबीएन म्हणजे कॉपीराइटही नव्हे आणि सरकारी मान्यताही नव्हे. कॉपीराइट तर लिहिल्याक्षणी लेखकाचाच होतो, नोंदणी सक्तीची नाही, आणि करायचीच झाली तर साहित्यकृतीची सरकारी फी ५०० रुपये आहे. ६,००० कशाचे, ते विचारल्यावर उत्तर आलं, ‘वकिलाचे’. अर्जाचा डायरी क्रमांक (म्हणजे कॉपीराइट कार्यालयातला नोंद क्रमांक) मागितला, तो आजही मिळालेला नाही. अर्ज झाला असेल तर डायरी क्रमांक असतोच. तो दाखवल्याशिवाय पैसे सोडू नका.

जीएसटीचं तर फारच सोपं होतं. छापील पुस्तकाच्या विक्रीवर जीएसटी नाही, पण अक्षरजुळणी, मुखपृष्ठ अशा सेवांवर लागू शकतो, त्यामुळे १८ टक्के बघून कुणाला खटकत नाही. आम्हालाही खटकलं नाही. पण नोंदणी नसलेल्याला हा कर गोळाच करता येत नाही. बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे अख्ख्या क्रमांकातलं सहावं, मालक कोण ते सांगतं: पी म्हणजे व्यक्ती, एफ म्हणजे भागीदारी, सी म्हणजे कंपनी. नावापुढे ‘प्रा. लि.’ लावलेलं आणि सहावं अक्षर पी, तर तिथेच थांबा. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करता हा क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, नोंदणीची तारीख आणि सद्यस्थिती दिसते. आमच्या बिलावरच्या क्रमांकावर नाव निघालं भलत्याच धंद्याचं, आणि स्थिती ‘रद्द’. ८,७३० रुपये सरळ खिशात गेले.

भिंतीवर लावलेलं ‘उद्यम’ या लघुउद्योग नोंदणीचं प्रमाणपत्र बघून भुलू नका. ती नोंदणी फुकट आणि स्वयंघोषणेवर होते. त्यावरून कुणी एक पुस्तक तरी छापलंय का, हे कळत नाही.

जे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं आणि आजही डोक्यातून जात नाही, ते सांगतो. स्वीकृतीपत्रासोबत त्याने आधीच्या तीन पुस्तकांच्या मलपृष्ठांचे फोटो पाठवले होते. तिन्हींवर बारकोड, तिन्हींखाली आयएसबीएन. आयएसबीएनचे पाच भाग असतात: ९७८, मग भारताचा ८१ किंवा ९३, मग प्रकाशकाचा क्रमांक, मग पुस्तकाचा आणि शेवटी एक तपास अंक. एका प्रकाशकाला क्रमांकांचा एक गठ्ठा मिळतो आणि तो संपेपर्यंत प्रकाशकाचा भाग बदलत नाही. वर्षभर जुन्या संस्थेची तीन पुस्तकं, आणि तिन्हींवर प्रकाशकाचे भाग तीन वेगळे! फोटो मोठा करून बघितला असता तर पाच मिनिटांत उघड झालं असतं. याचा अर्थ एकच, की हे क्रमांक त्याचे नव्हतेच. कुठल्यातरी दुसऱ्या प्रकाशकाचे किंवा स्वतः पुस्तक काढणाऱ्या लेखकांचे क्रमांक उचलून छापलेले. त्यातल्या एकाचा तर तपास अंकही जुळत नव्हता. तपासायची रीत अशी: डावीकडून पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानचे सात अंक जसेच्या तसे घ्यायचे, सम स्थानच्या सहा अंकांना तीनने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची. तिला दहाने पूर्ण भाग गेला पाहिजे. त्या मलपृष्ठावरच्या क्रमांकाची बेरीज ११७ भरते. कागद-पेन्सिल पुरते, आणि तरी कुणी केली नाही.

का केली नाही, तेही सांगायला हवं. मोठे प्रकाशक महिनोन्‌महिने उत्तर देत नाहीत. चांगल्या छोट्या संस्थाही पुष्कळदा एकाच माणसाच्या घरातून चालतात, त्यांना ऑफिस नसतं, जीएसटी नोंदणी नसते, खातं वैयक्तिक असतं. म्हणजे जी लक्षणं भामट्याची, तीच प्रामाणिक नवख्याचीही. शिवाय त्याने पहिल्या पन्नास पानांवर खरोखर सूचना केल्या होत्या, आणि चांगल्या केल्या होत्या. अशा माणसाचा बारकोड कोण तपासतं? आता आम्ही तपासतो.

आधीच्या लेखकांशी बोला, पण त्याने दिलेल्या नंबरांवर नको. त्याच्या यादीतलं एक पुस्तक दुसऱ्याच्या नावाने मागवून बघा. येतं का, किती दिवसांत येतं, आणि आतल्या हक्कपानावर मुद्रकाचं नाव-पत्ता आहे का, ते बघा. मुद्रक गायब असेल तर का, ते विचारा. १९५४ च्या ‘डिलिव्हरी ऑफ बुक्स’ कायद्याप्रमाणे प्रकाशकाने प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि एकेक प्रत मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवायची असते, आणि ग्रंथालयाने त्याची पोच द्यायची असते. ती पोच मागा. खरा प्रकाशक ती लगेच काढून दाखवतो, निदान प्रश्न कशाबद्दल आहे हे तरी त्याला कळतं.

करार आमच्याकडे होता, मुद्रांकपेपरवर, दीड पानाचा. मुद्रांक लावल्याने मजकूर चांगला होत नाही. त्यात लिहिलं होतं: ‘पुस्तकाचे सर्व प्रकारचे हक्क संपूर्ण हक्ककालासाठी प्रकाशकाकडे राहतील.’ आपल्याकडे हक्ककाल म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतरची ६० वर्षं धरून. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ नीट वाचा, ते लेखकाच्या बाजूचं आहे. हक्क देण्याची मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि १९(४) प्रमाणे दिलेला हक्क एक वर्षात वापरला नाही तर तो आपोआप लेखकाकडे परत येतो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. म्हणूनच ‘कलम १९(४) लागू राहणार नाही’ अशी एक ओळ खाली बारीक अक्षरांत घुसवलेली असते. ती खोडायला लावा. अनुवाद, ऑडिओ, चित्रपट हे छपाईच्या करारात देऊच नका. सही करण्याआधी हक्क कुठले, किती वर्षांसाठी, कुठल्या प्रदेशापुरते आणि मोबदला किती, हे चारही लिहिलेलं हवं.

मोबदल्यात फसवणूक टक्क्यांत होत नाही, टक्के कशाचे यात होते. किंमत २५० असेल तर छापील किमतीवर १० टक्के म्हणजे प्रतीला २५ रुपये. ‘निव्वळ प्राप्तीवर’ १० टक्के आणि वितरकाला निम्मी सूट, म्हणजे १२.५०. ‘सर्व खर्च वजा जाता’ असं असेल तर काहीच येणार नाही, असं समजून चला.

छापलेल्या प्रतींचा आकडा वजनावरून पकडता येतो. हे सगळ्यांनी लिहून ठेवावं. डेमीचं पान साधारण १४ बाय २१.६ सेंटिमीटर. १६० पृष्ठं म्हणजे कागदाची ८० पानं. ७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) कागद असेल तर आतला मजकूर सुमारे १७० ग्रॅम, आणि ३०० जीएसएमचं कव्हर धरून प्रत १९० ग्रॅमच्या आसपास. २५० प्रती म्हणजे सत्तेचाळीस-साडेसत्तेचाळीस किलो, शिवाय खोका. ‘वितरकाला माल गेला’ म्हणून त्याने ट्रान्सपोर्टच्या पावतीचा फोटो पाठवला होता. त्यावर नग १, वजन ११ किलो. अकरा किलोत साठही प्रती बसत नाहीत. फोटो आला त्या दिवशीच गुणाकार केला असता तर शेवटचे ४,२०० वाचले असते. छापखान्याचं बिल आणि डिलिव्हरी चलन मागा, आणि छापखान्याला स्वतः फोन करून प्रती विचारा. रक्कम तीन टप्प्यांत द्या: अक्षरजुळणी झाल्यावर, अंतिम मुद्रित (प्रूफ) मंजूर झाल्यावर आणि प्रती मोजून घेतल्यावर. पुस्तकाची मांडणीची मूळ फाइल आणि छपाईची पीडीएफ दोन्ही तुमच्याकडे आल्याशिवाय दुसरा टप्पा देऊ नका.

‘प्रातिनिधिक’ कवितासंग्रहाचा धंदाही असाच. ८० कवी, प्रत्येकी १,२००, म्हणजे ९६,००० जमा, आणि छपाई जेमतेम कवींना वाटण्यापुरती. तिथे वाचक कुणी नसतोच.

एक नुकसान पैशांत मोजता येत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचं पुस्तक अजून यायचंय अशा नवोदितांसाठी आहे. पहिलं पुस्तक अशा माणसाच्या हाती गेलं की ती वाटही अवघड होते.

आणि तक्रार करायला जावं तर काय? पोलीस ठाण्यात ऐकून घेतलं आणि सांगितलं, ‘पुस्तक छापून मिळालं ना? मग हा दिवाणी मामला.’ दुसऱ्या खेपेला साहेब नव्हते, तिसऱ्या खेपेला अर्ज नुसता ‘आवक’मध्ये घेतला. बँकेने सांगितलं, पैसे तुम्हीच पाठवलेत, ओटीपी कुणी चोरला नाही. एका साहित्यसंस्थेने ‘हा दोन व्यक्तींमधला व्यवहार’ म्हणून हात झटकले, आणि त्याच संस्थेच्या कार्यक्रमात नंतर हा माणूस व्यासपीठावर होता! ज्या संस्था लेखकांच्या नावाने उभ्या आहेत, त्यांना दोन ओळींचं पत्र काढायला काय अडचण होती? आणि ग्रंथालयांना प्रत न पाठवल्याचा त्या १९५४ च्या कायद्यातला दंड किती, तर ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. असा दंड कोणाला घाबरवणार?

‘दिवाणी मामला’ हे उत्तर मुकाट्याने घेऊन परत येऊ नका. प्रती कमी दिल्या, बांधणी वाईट, हे तक्रारीत आधी लिहिलंत तर ते तुम्हाला दिवाणीतच ढकलतील. फसवणुकीच्या गुन्ह्यात हेतू पहिल्यापासून खोटा होता हे दिसावं लागतं. म्हणून सुरुवात रद्द झालेल्या जीएसटी क्रमांकाने करा, मग दुसऱ्याचा आयएसबीएन, मग वजनाची पावती, आणि तसंच फसलेल्या बाकी लेखकांचे अर्ज सोबत जोडा. १ जुलै २०२४ पासूनच्या व्यवहाराला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, त्याआधीच्याला जुनं ४२०. ठाण्याने गुन्हा नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लेखी अर्ज पाठवा, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जा. अर्जाच्या प्रत्येक प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या.

ग्राहक आयोगात जाणाऱ्यांनी मुदत सांभाळा, ती दोन वर्षांची आहे. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातल्या आयोगातही करता येते. समोरचा ‘हा व्यापारी व्यवहार होता’ असं म्हणेल. म्हणून पुस्तक विकून नफा कमावण्यासाठी नव्हे तर प्रकाशनाची सेवा पैसे देऊन घेतली, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा आणि ‘पॅकेज’चं दरपत्रक जोडा. त्याआधी हक्क परत घेतल्याची आणि उरलेल्या प्रतींचा हिशेब मागणारी नोटीस स्पीड पोस्टाने, पोचपावती जपून, पाठवून ठेवा. बिलावरच्या पत्त्यावर ती परत आली तरी पाकीट फोडू नका, तसंच आयोगासमोर ठेवा.