स्लीव्हनंतर वजन परत आलं: बायपास, मिनी बायपास की इंजेक्शन?

वजनासाठी स्लीव्ह झालं होतं, म्हणजे जठराचा मोठा भाग कापून उरलेल्याची नळी केली होती. वजन परत चढलं, तेव्हा नागपूरच्या रामदासपेठ-धंतोलीत तीन सर्जनांकडे फिरले. प्रत्येकाला एकच विचारत होते, "दुसऱ्यांदा कोणतं ऑपरेशन चांगलं?" तिसऱ्यानं उलट मलाच विचारलं, "पहिल्यात नेमकं बिघडलं काय?"

माझा हिशोब सांगते. उंची १५५ सेंमी. स्लीव्हच्या वेळी वजन १०८ किलो, दीड वर्षात ७१, पाच वर्षांनी ८३. जुनी मोजपट्टी अशी, की जादा वजनातलं निम्मंही उतरलं नाही तर ऑपरेशन फसलं. माझं जादा होतं साधारण ४८ किलो, त्यातलं २५ अजूनही गेलेलंच आहे. म्हणजे काठावर पास. त्रास वेगळाच होता: डोक्याखाली दोन उशा, तरी रात्री घशाशी आंबट पाणी. एन्डोस्कोपीत अन्ननलिकेचं खालचं टोक सोललेलं आणि जठराचा वरचा भाग छातीत सरकलेला दिसला. पहिल्या ऑपरेशनआधी त्या दवाखान्यात ही तपासणी केलीच नव्हती. तो राग अजून आहे.

तर जळजळ असेल त्यांच्यासाठी साधा बायपास, डॉक्टर ज्याला रू-एन-वाय म्हणतात तो. जठराची छोटी पिशवी करून आतडं असं जोडतात, की ॲसिड आणि पित्त दोन्ही अन्ननलिकेपासून लांब राहतात. जळजळ बहुतेकांची उतरते. वजन मात्र पहिल्यासारखं झपाट्यानं जात नाही, आणि आतलं सगळं आधीच चिकटलेलं असल्यानं धोकाही पहिल्यापेक्षा जास्त. हे तोंडावर सांगणारा सर्जन मला जास्त भरवशाचा वाटला.

मिनी बायपासमध्ये जोड एकच, वेळ कमी, वजन बऱ्याचदा थोडं जास्त उतरतं. पण पित्त त्याच जोडावरून वाहतं, म्हणून जळजळवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत. किती आतडं वगळणार, हे सेंटिमीटरमध्ये विचारा. दोनशेच्या पुढे गेलं की प्रोटीन मार खाऊ लागतं, आणि वरण-भातावर जगणाऱ्या शाकाहारी घरात तो खड्डा भरून काढणं सोपं नाही.

सॅडी नावाचा प्रकार वजनासाठी सगळ्यांत जोरकस. त्यात स्लीव्ह तशीच ठेवून आतडं खूप लांबवर वगळतात. त्यामुळे जळजळही तशीच राहते, वर पातळ शौच आणि जीवनसत्त्वांची ओढाताण. फार जास्त वजनाच्या आणि तपासण्या न चुकवणाऱ्या माणसासाठीच. पुन्हा स्लीव्ह? पहिल्या वेळी जठराचा वरचा फुगा राहून गेला असेल आणि जळजळ अजिबात नसेल तरच. टाक्यांतून गळतीची भीती त्यात जास्त.

आणि जठर फुगलेलंच नसेल तर? तर चमचा बघा. पहिल्या वर्षी तर्री-पोह्याची अर्धी प्लेट मला अर्धा तास पुरायची. नंतर प्लेट तेवढीच राहिली, पण संत्र्याचा ज्यूस, गोड चहा, येता-जाता एक तुकडा संत्रा बर्फी. वितळणारं सगळं लहान जठरातूनही सटकन खाली जातं. त्याला कोणताही बायपास पुरा पडत नाही. अशांनी आधी आहारतज्ज्ञ, मग भूक कमी करणारं इंजेक्शन. टिर्झेपाटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आलं, वजनासाठीचं सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये. आठवड्याला एक टोचणं, पोट न उघडता. बंद केलं की वजन परत चढतं, म्हणून महिन्याचा खर्च चार-पाच वर्षांनी गुणून मगच ऑपरेशनशी ताडून बघा.

खर्रा खाणाऱ्यांना एक स्पष्टच. बायपासच्या जोडावर अल्सर होण्याचं तंबाखू हे मोठं कारण आहे. ब्रुफेनसारख्या गोळ्याही बंद. खर्रा सुटत नसेल तर बायपासचं नाव काढू नका. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी मात्र जन्मभर, ते ऑपरेशन कोणतंही असो.

विम्याची मेख वेगळी. विमा नियामकाच्या अटीनुसार बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) किमान ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार. माझा ३४.५. म्हणजे पहिल्या ऑपरेशननं जे कमावलं, त्यापायीच क्लेम अडू शकतो. विमा कंपनीला जळजळीचे कागदही दाखवा, लेखी उत्तर घ्या, आणि पहिल्या दवाखान्यातून डिस्चार्ज कार्डासोबत ऑपरेशन नोट्स मागून ठेवा. नव्या सर्जनला त्याच लागतात.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "काहून पुन्हा पोट कापून घेऊन राहिली?" त्यांना एन्डोस्कोपीचा फोटो दाखवला. बायपास ठरला, पण तारीख मेमधली मिळत होती, ती नाकारली. ऑपरेशननंतर पाणी घोटाघोटानं, तीस मिलीच्या कपातून प्यावं लागतं, आणि नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत त्या कपानं तहान भागत नाही. डिसेंबरची घेतली.