क्षेत्रभेटीला निघोज की वाई?

पुणे, अहिल्यानगर, सातारा या पट्ट्यातल्या शाळांना एका दिवसात जमण्यासारखी ही दोन ठिकाणं. दोन्हीकडे नववी-दहावीची मुलं नेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बस, परवानगी, पालकांची संमतीपत्रं हे तुम्हाला ठाऊकच आहे.

निघोजला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. कुकडीच्या पात्रात बेसाल्टमध्ये कोरलेले रांजणखळगे प्रत्यक्ष पाहिल्यावर नदीचं खननकार्य पुन्हा शिकवावं लागत नाही. कोरड्या खळग्यात डोकावलं की तळाशी वरवंट्यासारखे गुळगुळीत गोटे पडलेले दिसतात. पाण्याच्या भोवऱ्यात हेच गोटे गरगर फिरले आणि त्यांनीच तो खडक पोखरला. हत्यार आणि काम एकाच जागी दाखवता येईल अशी जागा माझ्या तरी पाहण्यात दुसरी नाही. शिवाय नदी हीच पुणे आणि अहिल्यानगर जिल्ह्यांची हद्द, त्यामुळे सीमांचा विषयही ओघाने निघतो. पावसाळ्यात मात्र जाऊ नये. एरवीही नदीला पाणी सोडलं आहे का, याची गावात आधी चौकशी करावी.

मला खटकलं ते वेगळंच. खळगे खोल, कडा निसरड्या. मुलांना मोकळं सोडता येत नाही, आणि सोडूही नये. मग होतं असं की शिक्षक राखण करत उभे, मुलं घोळक्याने उभी, आणि कुणीतरी मोठ्याने माहिती सांगतंय. मोजायला काही नाही, विचारायला कुणी नाही. परत आल्यावर अहवाल तपासायला घेतले की प्रत्येकात तेच वाक्य: ‘भोवऱ्यामुळे दगडगोटे गोल फिरून रांजणखळगे तयार होतात.’ हे त्यांना बसमध्ये चढण्यापूर्वीच येत होतं! पाठ्यपुस्तकातलं उत्तर जागेवर जाऊन फक्त पडताळून आलो. त्याला फार तर सहल म्हणता येईल, क्षेत्रभेट म्हणायला माझं मन घेत नाही.

वाईत पहिल्या नजरेला असं थक्क करणारं काही नसतं. कृष्णा, घाट, देवळं, बाजार. पण मुलांच्या जोड्या करून प्रत्येकीला एक आळी वाटून दिली की गाव उलगडायला लागतं. घाटापासून एसटी स्थानकाकडे जाताना तळमजल्यावर काय आहे, वर काय आहे, जुना वाडा कुठे संपतो आणि नवी इमारत कुठे सुरू होते, हे जोडीने नकाशावर भरत जायचं. भूमी उपयोजनाचा धडा इथे पायाखाली असतो. ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशाच्या आकाराची, निमुळती आहे, पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून. ती का तशी, हे आधी सांगू नका. मुलांना नदीकडे तोंड करून उभं करा, बरीचशी आपणहून ओळखतात.

एका जोडीला मी पुराबद्दल विचारायला सांगितलं होतं. एका आजींनी ओट्याच्या खांबावर हात ठेवून दाखवलं, ‘पूर्वी पाणी इथवर यायचं.’ मुलींनी टेपने मोजलं. समोरच्या घरात निराळीच उंची सांगितली. कोण खरं, यावर दोघींची चांगली जुंपली, आणि मग त्यांनी रस्त्याचा उतार पाहायला घेतला. पुढचा प्रश्न त्यांचाच होता: वरच्या अंगाला धोम धरण झाल्यावर काय बदललं? प्रश्नावलीत हा प्रश्न मी घातलेला नव्हता.

भूरूपं राहून जातील ही शंका रास्त आहे. पण वाई सुमारे ७०० मीटरवर आणि पाचगणी १३०० मीटरच्या आसपास, मध्ये फक्त पसरणीचा घाट. वर जाताना बेसाल्टचे थर पायऱ्यांसारखे दिसतात, पठारावर जांभ्याची टोपी आणि खाली कृष्णेचं सगळं खोरं. सकाळी गावात भरलेला नकाशा हातात घेऊन दुपारी तेच गाव वरून पाहायचं.

वाईला कटकटी आहेतच. दुकानदार गिऱ्हाइकात गुंतलेले असतात, रस्त्यांवर वाहनं असतात, पांगलेली मुलं गोळा करायला वेळ लागतो. चतुर्थी आणि सुट्टीचा दिवस टाळा. दर दोन-तीन जोड्यांमागे एक मोठं माणूस हवं. ते जमत नसेल, किंवा मुलं लहान असून फक्त दाखवायचं असेल, तर निघोजला जरूर जा, आणि गटागटाने, दोरी धरून तिच्या अलीकडूनच खळगे दाखवा. दहावीच्या मुलांना अहवाल लिहायचा असेल, तर मी तरी वाईच धरीन. तिथून आणलेले अहवाल तपासताना एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही, आणि का जुळत नाही यावर वर्गात पुढचे दोन तास आनंदाने घालवता येतात.