समेट घडवणाऱ्या 'काकां'नी दोघांकडूनही पैसे घेतले

नवरा-बायकोचं बिनसलं की आमच्या देवगड-कणकवली पट्ट्यात आधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात, वकील नंतर. त्यात मला आजही काही गैर वाटत नाही. देवळात चारचौघांसमोर गुरव कौल लावतो, म्हणजे मूर्तीवरची कुठली पाकळी पडते त्यावरून देवाचं उत्तर बघतो; नारळ-विडा ठेवला की झालं, ताटात किती टाकलेत हे कोणी बघत नाही. म्हणूनच घरात बसून 'कौल लावून समेट' करणाऱ्यावर इथे पटकन कोणी संशय घेत नाही. आम्हाला भेटला तो असाच. सगळे त्याला काका म्हणतात.

मिस्टर डोंबिवलीला कामाला, मी गावी सासूबाईंजवळ. भांडण पैशाचं आणि माझ्या नोकरीचं. त्याचा पाढा इथे वाचत नाही. काकांनी पहिल्याच बैठकीत बजावलं, "दोघांशी वेगवेगळं बोलणार. मधे एकमेकांशी बोललात तर लागलेला कौल फिरतो." सगळी मेख तिथेच होती.

मी रडत जे सांगायचे ते मिस्टरांना फोनवर 'देवाने दाखवलं' म्हणून ऐकवलं जायचं. मिस्टरांनी पतपेढीचं कर्ज काढल्याचं मला सांगितलं नव्हतं. काकांनी डोळे मिटून ते मला आकड्यासकट सांगितलं. अंगावर काटा आला. शांतीसाठी आधी ११ हजार गेले, मग २१ हजार. मंगळसूत्र 'दोष काढायला' घेतलं आणि लाल कापडात शिवून परत दिलं, सव्वा महिना सोडायचं नाही या अटीवर.

कौलाची तऱ्हा बघा. खोलीचं दार बंद, हातभर लाकडी मूर्ती, दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या. पैसे द्यायच्या आधी हटकून डावी पडायची, म्हणजे नकार; दिले की उजवी, म्हणजे होकार. एकदा काका फोनवर बाहेर गेले आणि निर्माल्य मी उचललं. उजवी पाकळी काही केल्या निघेना. नखाने खरवडली, तर मागे मेण.

त्याच संध्याकाळी नणंदेला सांगितलं. ती कपाळावर हात मारून म्हणाली, "गो वयनी, ह्याच शांतीचे पैशे दादान पण दिल्यान!" तिथल्या तिथे मिस्टरांना फोन लावला. तीच शांती, तीच तारीख, दोघांकडून पैसे. आमचं पटलं असतं तर त्याचा धंदाच बसला असता. लाल कापड उसवलं तर आत पितळी वाट्या आणि काचेचे मणी.

पण खरी भीती कागदाची होती. 'समेटपत्र' म्हणून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर दोघांच्याही सह्या घेतल्या होत्या. त्यात मी स्वखुशीने वेगळी झाले, स्त्रीधन मिळालं, असं लिहिलेलं. कागद परत हवा तर आणखी पैसे, असा निरोप आला. तालुका विधी सेवा समितीतल्या वकीलबाई तो वाचून हसल्या. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली घटस्फोट न्यायालयाच्या हुकुमानेच होतो. सिद्ध करता येईल अशी जुनी रूढी असेल तर गोष्ट वेगळी, स्टॅम्पपेपरने काही होत नाही. त्यांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे बाईला मोफत मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. १५१०० या नंबरवरही विचारता येतं.

वेगळं बोलणं हे लबाडीचं लक्षण नव्हे. कोर्टाकडचे मध्यस्थही दोघांना वेगवेगळं भेटतात. पण एकाने विश्वासाने सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगायचं नाही, हे त्यांच्यावर बंधन असतं, आणि नवरा-बायकोने आपसात बोलू नये असं ते कधीच म्हणत नाहीत. आम्ही आता तिथे जातो. पटलंय असं नाही, पण भांडण निदान समोरासमोर होतं.

पोलिसांत तक्रार दिली आहे. देवावर श्रद्धा होती म्हणून दिले, मग तक्रार कसली, असं ठाण्यात कोणी म्हणालं तर जादूटोणाविरोधी कायदा, २०१३ चं नाव घ्या. चमत्काराचा दावा करून पैसे उकळणं त्यात गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. फसवणुकीचं कलम वेगळं. जाताना व्हॉट्सअ‍ॅपवरचे आवाजी मेसेज, गूगल पेचे स्क्रीनशॉट आणि कागदाचा फोटो न्या. रोख दिलेल्याचा पुरावा आमच्याकडे नाही, ते पैसे बहुधा गेलेच. आणि जमलं तर दोघांनी मिळून जा. एकट्या बायकोची तक्रार हा काका 'नवऱ्याशी भांडण आहे तिचं' म्हणून उडवून लावतो. आमच्या आधी एकीचं तसंच झालं होतं.